एकशे ब्याण्णव बंदुका

‘अर्जाच्या तिसऱ्या पानावर नमूद केलेल्या एकशे ब्याण्णव बंदुकांचा प्रकार, मारक पल्ला आणि लक्ष्य कळवावे.’ मुर्री गावातल्या आमच्या वर्कशॉपाकडे वळायच्या आधी स्कूटी बाजूला घेऊन हे पत्र मी मोबाइलवर वाचलं आणि आधी मला हसूच आलं. इतकं, की शेजारच्या टपरीवर चहा गाळणाऱ्या माणसाने गाळणी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मग पुढची ओळ वाचली. खुलासा समाधानकारक नसल्यास अर्ज निकाली काढण्यात येईल, असं त्यात लिहिलं होतं, आणि सरकारी भाषेत निकाली काढणे म्हणजे काय हे मला चांगलं ठाऊक आहे. आमच्याकडे बंदूक नाही. आमच्याकडे तांदूळ निवडायचं एक यंत्र आहे, ते मी ज्यांच्या वर्कशॉपात काम करते त्या उदारामकाकाजींनी स्वतःच्या हाताने बनवलंय, आणि मार्चच्या मध्यात मुंबईहून बोटीत चढलं नाही तर ते कधीच कुठे जाणार नाही. बंदुका मी लिहिल्या होत्या. शुद्धीत असताना, भर दुपारी, इंग्रजीत, मोजून एकशे ब्याण्णव.

ज्यांनी तांदळाची गिरणी आतून पाहिली नाही त्यांना हे यंत्र म्हणजे लोखंडी कपाट वाटेल. वरून तांदूळ उभ्या पन्हळींतून घसरत येतो, मध्ये कॅमेरा प्रत्येक दाण्याकडे बघतो, काळा किंवा डागी दाणा दिसला की खालच्या बारीक तोंडातून हवेचा एक झटका बसतो आणि तेवढा एक दाणा बाजूला उडतो. बाकीचे आपले खाली पडत राहतात. हवेची अशी चौसष्ट तोंडं एका रांगेत, आणि रांगा तीन. पुस्तकात त्यांना नोझल म्हणतात. आमच्या वर्कशॉपात त्यांना बंदूक म्हणतात, हवेला गोळी म्हणतात, आणि जी बंदूक नेम चुकवते ती कच्ची बंदूक. ‘चौदा नंबरची बंदूक गोळी सोडून नाही राहिली’ असं काकाजी फोनवर गिरणीवाल्यांना सांगतात तेव्हा दोन्हीकडे कुणालाच काही वावगं वाटत नाही. अर्जात यंत्राची माहिती द्यायची होती म्हणून मी वही घेऊन त्यांच्याशेजारी बसले होते. ते सांगत गेले आणि मी इंग्रजी करत गेले. कॅमेरा लक्ष्य हेरतो, बंदूक गोळी झाडते, शंभरात अठ्ठ्याण्णव काळे टिपले जातात. टपरीपाशी उभी राहून मी ते पान पुन्हा उघडलं. पाठवायचं कुठे, तर आफ्रिकेजवळच्या मादागास्करला. वाचताना माझे कान तापले. तीन वर्षं ऐकून ऐकून तो शब्द माझ्या कानाला इतका घरचा झाला होता की त्याला दुसरा काही अर्थ असतो हेच मी विसरले होते.

खरं तर अर्ज करायचा हट्टही माझाच. तांदळाच्या यंत्राला कुणाची परवानगी लागत नाही. पण आमच्या यंत्रात साध्या कॅमेऱ्यांच्या जोडीला आणखी एक डोळा आहे, माणसाला न दिसणाऱ्या उजेडात बघणारा. तो काकाजींनी एका बंद पडलेल्या गिरणीच्या जुन्या विलायती यंत्रातून काढला होता. रंगाने तांदळासारखाच असलेला पांढरा खडा साध्या कॅमेऱ्याला कळत नाही, याला कळतो. मादागास्करात बायकांनी चालवलेली एक सहकारी गिरणी आहे, त्यांच्या तांदळात नेमका तसलाच खडा येतो. मी यंत्राचा व्हिडिओ टाकला होता, तो बघून तिथल्या बाईंनी लिहिलं, आमच्या म्हाताऱ्या माणसांचे दात तुटतात, हे यंत्र आमची सुगी सुरू व्हायच्या आधी मिळेल का? काकाजींनी तो निरोप माझ्याकडून चार वेळा वाचून घेतला. नागपूरचा भूपेंद्र आमचा माल पाठवायची कागदपत्रं बघतो. तो म्हणाला, ‘मॅडम, राईस क्लीनिंग मशीन लिख दो और भूल जाओ. कॅमेऱ्याचं नाव काऊन काढता?’ पण तोवर मी ती यादी वाचली होती. लढाईच्या कामी येऊ शकतील अशा साध्यासुध्या वस्तूंची सरकारी यादी असते, परवान्याशिवाय त्या देशाबाहेर जात नाहीत. मी ती वाचायला घेतली आणि दोन दिवस दुसरं काही केलं नाही. झडपा, पंप, धागे, जंतू, भट्ट्या, काचा. ज्या ज्या वस्तूने माणसाचं बरं होतं तिच्यापुढे थोडं वाईटही लिहून ठेवल्यासारखी ती यादी होती, आणि साठ-सत्तर पानं उलटल्यावर आमचा डोळा सापडला. त्यानंतर भूल जाओ म्हणणं सोपं असलं तरी मला जमण्यातलं नव्हतं.

याचं मूळ पुण्यात आहे. कॉलेज संपल्यावर दीड वर्ष मी तिथल्या एका कंपनीत सर्किटचे बोर्ड तपासायचे. दिवसाला शंभर. हिरवा बोर्ड, त्यावर आकडा, हिरवा दिवा लागला की पुढे. एकदा मी वरिष्ठाला विचारलं, हे कशात बसतं? तो म्हणाला, गिऱ्हाइकाला माहीत असतं. अजून एकदा विचारलं तर म्हणाला, चंचल, तू फार थकली आहेस का? थकले नव्हते. पण त्या दिवसापासून तो हिरवा दिवा मला आवडेनासा झाला. रात्री जेवताना वाटायचं की आज आपल्या बोटांनी नक्की काय केलं हे आपल्याला ठाऊक नाही. दवाखान्यातल्या यंत्रात बसलं असेल, नाहीतर आणखी कशात. परत आले तेव्हा गोंदियाजवळच्या गोरेगावला घरी बाबा म्हणाले, ‘आली का कायलेबाई?’ लहानपणी माझं हेच नाव होतं, कायले म्हणजे कशाला. धानाचे पऱ्हे लावायचे कायले, बैलाला वेसण कायले, आजी गेली तर रडायचं कायले, असं दिवसभर चालायचं, आणि बाबा दमून म्हणायचे की या पोरीचं तोंड कायलेवरच उघडते. आता अर्जाच्या रकान्यात सरकारच मला विचारत होतं, वस्तूचा अंतिम वापर कोणता आणि अंतिम वापरकर्ता कोण. इतकी मोठी यादी, इतके कायदे, आणि सगळं शेवटी दोन शब्दांवर येऊन थांबत होतं. कायले आणि कोनाले. मला त्या न पाहिलेल्या कार्यालयाबद्दल खरोखर माया वाटली. पुण्यात मला ज्याचं कुणी उत्तर दिलं नव्हतं तो प्रश्न ही माणसं पगार घेऊन विचारत होती.

वर्कशॉपात पोचले तर काकाजी स्टुलावर बसून एक झडप उजेडात धरून बघत होते. बासष्टीचे आहेत, सडपातळ, कानावर कायम एक पेन्सिल, आणि ती तिथे आहे हे विसरून शोधत फिरतात. ‘का झालं वो बाई?’ ते म्हणाले. ‘तोंड काऊन उतरलं?’

‘दिल्लीवाले बंदुका विचारून राहिले, काकाजी.’

‘मंग सांग ना. एकशे ब्यान्नव आहेत. दोन कच्च्या होत्या, त्या काल बदलल्या.’

मी पत्र वाचून दाखवलं. मारक पल्ला या शब्दापाशी त्यांनी झडप खाली ठेवली. मला वाटलं आता माझ्यावर चिडतील, आणि चिडायला हवं होतं. दोनदा मीच त्यांची वाट अडवली होती. एकदा खरं बोलून आणि एकदा त्यांचाच शब्द त्यांच्या तोंडून उचलून. आयुष्यभर या माणसाने दुसऱ्यांची यंत्रं दुरुस्त केली. गोंदियाच्या निम्म्या गिरण्यांत त्यांचा हात फिरलेला, पण प्रत्येक यंत्रावर पाटी दुसऱ्याची. हे एकच त्यांचं. यंत्राच्या दाराच्या आतल्या बाजूला पितळी पट्टी आहे, तिच्यावर ठोकून लिहिलंय, उदाराम, गोंदिया. डाव्या हाताची बोटं आता थरथरतात, म्हणून यानंतर दुसरं बनवणार नाहीत. हे त्यांनी मला सांगितलेलं नाही, काकूंनी सांगितलं. ते मात्र एवढंच म्हणाले, ‘म्हंजे तिनं ठेवलेल्या नावानं घोटाळा केला म्हना.’ आणि हसले. ती म्हणजे नंदाबाई, त्यांची बायको, माझ्या काकू.

ती गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की मीच तिथे हजर होते असं वाटतं. गोंदियाच्या एका गिरणीत तेव्हा बावीस बाया ओळीने बसून सुपांवर तांदूळ निवडायच्या. नंदाबाई त्यांतली सगळ्यांत धाकटी आणि सगळ्यांत तिखट. मग यंत्र आलं, आणि ते बसवायला नागपूरच्या कंपनीबरोबर आलेला तरुण मिस्त्री म्हणजे उदाराम. यंत्र सुरू झालं, पांढरा तांदूळ धो धो पोत्यात पडायला लागला, आणि बावीस जणींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. एकवीस जणी पदर झटकून निघाल्या. नंदाबाईने यंत्राखालचा सूपभर तांदूळ घेतला, मालकासमोर बसली आणि त्यातून एकेचाळीस काळे दाणे वेचून काढले. मग ती मालकाशी बोललीच नाही. यंत्राशेजारी उभ्या असलेल्या तरुणाला म्हणाली, ‘मिस्त्री, तुही बंदूक कच्ची आहे.’ तो शब्द तिथे, त्या क्षणी जन्मला. काकाजी सांगतात की त्या दिवशी ते आठ तास झडपा उघडून बसले, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घराचा पत्ता विचारत गेले, पुन्हा एकदा सूप तपासून देशील का म्हणून. काकू म्हणतात, ‘सूप त बहाना होता. मानूस डोरे वर करून बोलत नव्हता.’ लग्नाला एकतीस वर्षं झाली. यंत्राचं काम आलं की ती अजून शेजारी बसते, सुपातला एकेक दाणा दाखवत म्हणते, हा घ्या, हा टाका, हा पिवरा दिसते पन चांगला आहे, राहू द्या. तिने घेतलेले आणि टाकलेले दाणे मी मशीनला शिकवते. म्हणजे काकाजींनी बनवलेल्या त्या लोखंडी कपाटाला नजर आहे ती काकूंची. आणि बावीस बायांचं काम ज्याने घालवलं त्याच यंत्रात ती आपली नजर का भरते, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, ‘मंग का करू? आंधरं राहू देऊ का त्याले?’

मी खुलासा लिहिला. बंदूक म्हणजे हवेचं नोझल, लक्ष्य म्हणजे तांदळाचा डागी दाणा, हा आमच्या कार्यशाळेतला बोलीतला शब्द, चूक भाषांतर करणारीची. लिहिताना भूपेंद्रचा फोन चालूच होता. ‘गलतीसे छप गया बोलो, शब्दच नव्हता म्हना.’ मी म्हटलं, शब्द होता आणि आहे. तो म्हणाला, ‘मॅडम, तुम्ही लायसन मांग रहे हो या कन्फेशन दे रहे हो?’ सगळं लिहून झालं, तरी एक रकाना राहत होता. नमूद वापराखेरीज ही वस्तू अन्य कामी येऊ शकते काय? यादीत डोळा सापडला त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्या मागे लागला होता. घरी बघावं तर प्रत्येक वस्तू अन्य कामी येत होती. आईच्या जुन्या लुगड्याची झोळी, झोळीचं पोतेरं. पुण्यात बोर्ड तपासणारी बाई गोंदियात तांदूळ बघत होती, आणि मला पाहायला आलेल्या पाहुण्यांनी तर मी नोकरी सोडून आणखी काय काय करू शकते याची रीतसर चौकशी केली होती. हसण्यावारी नेलं तरी तो प्रश्न जाईना. कारण पौष महिन्यातली एक धुक्याची सकाळ मला आठवत होती. काकाजी डोळ्याची चाचणी घेत होते, तो कॅमेरा दारातून बाहेर लावलेला, पडदा माझ्याकडे. बाहेर हातभरावरचं दिसत नव्हतं. पडद्यावर मात्र रस्ता होता, आणि रस्त्यावरून काकू येत होती, हातात डबा, पदर डोक्यावरून, एक चप्पल तुटल्यामुळे जरा पाय ओढत. तिला आम्ही दिसत नव्हतो. ती थांबली, नाकाचं पाणी पुसलं, स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. मला ते बघून इतकी माया आली की मी हसले, आणि काकाजींकडे वळले तर ते हसत नव्हते. त्यांनी हात पुढे करून पडदा बंद केला आणि बाहेर जाऊन धुक्यात हाक मारली, ‘मी इकडं आहो वो, सरर ये.’ त्या रकान्यात मी शेवटी लिहिलं, होय, येऊ शकते, पाहणीस हरकत नाही. आणि पाठवायचं बटण दाबलं.

दहा दिवस काही नाही. काकाजी रोज येऊन विचारायचे नाहीत, हाच त्रास होता. ते पेटीच्या फळ्यांना रंधा मारत बसायचे. परवाना नाही, बोटीवर जागा पक्की नाही, आणि हा माणूस पेटी करतोय. मादागास्करच्या बाईंनी लिहिलं की मार्चपर्यंत वाट बघू, त्यानंतर दुसऱ्या देशातलं नवं यंत्र घ्यावं लागेल, समितीतल्या बाया ऐकणार नाहीत. मी हो लिहिलं. संध्याकाळी स्कूटी स्टँडवर ठेवून गोरेगावच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःला विचारायचे की समज निकाली काढलाच अर्ज, तर तू काय मिळवलंस? पुण्यातल्या दीड वर्षाचं तुझं ओझं तू या दोन म्हाताऱ्यांच्या डोक्यावर ठेवलंस. बाहेर शेतांत कापलेल्या धानाची ठूठं दिसत राहायची. अकराव्या दिवशी नागपूरहून फोन आला, एक साहेब यंत्र पाहायला येत आहेत.

साहेब पन्नाशीचे होते, बारीक आवाजाचे, विदर्भ एक्स्प्रेसने आले आणि चहा नको म्हणाले. आत येऊन त्यांनी फाइल उघडली आणि तितक्याच बारीक आवाजात म्हणाले, ‘बंदूक दाखवा.’ काकाजींनी खालचं दार उघडलं. कॉम्प्रेसर सुरू केला. ‘हात धरा, साहेब,’ ते म्हणाले. साहेबांनी फाइल छातीशी धरली. ‘काई होत नाही. तीस वरसं धरून राहिलो मी.’ साहेबांनी घड्याळ काढून खिशात ठेवलं, तळहात पुढे केला, आणि काकाजींनी बटण दाबलं. टक् असा आवाज झाला. साहेबांनी तळहात उलटसुलट करून पाहिला.

‘एवढंच?’

‘एवढंच. एका दान्यापुरतं.’

‘आणि पल्ला?’

कोपऱ्यात सूप घेऊन बसलेल्या काकूने न उठता हात वर केला. ‘चार बोटं,’ ती म्हणाली. साहेबांनी ते लिहून घेतलं, आणि मला दिसलं की लिहिताना त्यांचा ओठ जरा हलला. मग ते डोळ्यापाशी आले. हा भाग मी पाठ केला होता. तांत्रिकदृष्ट्या कॅमेरा फक्त याच कामासाठी जुळवलेला आहे वगैरे. साहेबांनी मला विचारलंच नाही. त्यांनी काकाजींना विचारलं, हा काढून दुसरीकडे लावता येईल का? काकाजी म्हणाले, ‘येईल ना. काऊन नाही येनार?’ मी वही मिटली. ‘म्या पाह्यलं लावून,’ ते सांगत होते. ‘धुक्यात मानूस दिसते यातून. त्याले आपन दिसत नाही, आपल्याले तो दिसते. माही बायको दिसली मले. चांगलं नाही वाटलं, साहेब. उगाच कोनी मांगं उभं राहून बंदूक धरावी तसं झालं. खरी बंदूक म्हनून राहिलो मी, हे नाही.’ त्यांनी कॅमेऱ्याची खोबण दाखवली. सगळीकडून पिवळट, काचेसारखं काहीतरी भरलेलं होतं. ‘आधी दरेकशाच्या जंगलातली लाख ओतून पाह्यली. ते गरम झाली का वाहते. मंग इपॉक्सी ओतला. आता हे काढाले गेलं त फुटते. हेच पाहील आता ते, तांदूर, दुसरं नाही.’ मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कधी केलं हे, मी विचारलं. त्याच दिवशी दुपारी, ते म्हणाले, तू बँकेत गेल्ती तवा. मला का नाही सांगितलं? ‘तू विचारलं असतं कायले म्हून. मले सांगता नसतं आलं.’

साहेब बराच वेळ त्या खोबणीकडे वाकून पाहत राहिले. आम्ही तिघंही त्यांच्या पाठीकडे पाहत होतो. उठले तेव्हा त्यांनी चहा चालेल म्हणून सांगितलं. चहा पिताना म्हणाले की निर्णय माझा नाही, मी जे पाहिलं ते लिहीन, आणि जे पाहिलं ते चांगलं पाहिलं. पण एक अडचण आहे. हा शब्द सगळ्या कागदांवर आहे, वापरायच्या पुस्तकात आहे, आणि यंत्रावरही आहे. त्यांनी बोट दाखवलं. बटणांच्या पाटीवर काकाजींनी लाल रंगाने, ब्रशने, गोल अक्षरांत लिहिलं होतं, बंदूक एक ते चौसष्ट, आणि तसंच खाली दोनदा. ‘बंदरावर कुणी पेटी उघडली तर त्याला ही सगळी गोष्ट सांगायला तुम्ही तिथे असणार नाही,’ साहेब म्हणाले. ‘शब्द बदलून द्या. कागदांवर आणि पाटीवर. मग मला लिहायला सोपं जाईल.’ यात अवघड ते काय, मी लगेच वही ओढली. काकाजी म्हणाले, ‘पाटी नाही बदलनार.’

त्या माणसाला नाही म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं. गिरणीवाले रात्री बोलावतात, जातो. जुना पार्ट लावा म्हणतात, लावतो. ते नाही म्हणाले आणि स्वतःच ओशाळले, कानावरची पेन्सिल काढून पुन्हा तिथेच ठेवली. मला त्यांचा राग आला. खरंच आला. तुमच्या एका शब्दासाठी, मला म्हणायचं होतं, मादागास्करातल्या कुठल्या म्हातारीचा दात तुटणार आहे. आणि त्याच वेळी कळत होतं की तो शब्द काढला तर एक मिस्त्री, एक सूप आणि एकेचाळीस काळे दाणे त्या यंत्रातून निघून जातील, मग उरेल ते नुसतं चालणारं यंत्र. पितळी पट्टीवर फक्त त्यांचं नाव होतं. तिचं नाव लाल अक्षरांत होतं, आणि हे त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नव्हतं.

काकू सूप बाजूला ठेवून उठली. यंत्रापाशी आली, पाटीवरच्या शब्दावरून बोट फिरवलं, लहान पोराचं लागलेलं बघावं तसं. मग साहेबांकडे वळून म्हणाली, ‘फुंकर लिहा.’

‘काय?’

‘फुंकर. तुमच्या हाताले लागलं ते कायचं होतं? फुंकरच होती ना? माय मारते तशी.’ साहेबांनी नकळत तळहाताकडे पाहिलं. मी वहीत लिहिलं, एकशे ब्याण्णव फुंकरी, आणि इंग्रजीत याला काय म्हणतात ते मला आठवेना, अजूनही आठवत नाही.

काकाजी तिच्याकडे बघत होते. ‘तुहाच शब्द होता वो,’ ते हळू म्हणाले.

‘माहाच होता अजी,’ ती म्हणाली. ‘म्हून तर मी बदलून राहिले. दुसऱ्या कोनाले बदलू देल्ला असता का म्या?’

परवाना बोटीच्या अकरा दिवस आधी आला. वस्तूच्या वर्णनात, दाणा बाजूला सारणारी हवेची फुंकर, नग एकशे ब्याण्णव, असं होतं. त्या कार्यालयानेही शब्द तसाच ठेवला होता, रोमन लिपीत. मी तो कागद मोठ्याने वाचला, आणि काकाजींनी चार वेळा वाचायला लावला. भूपेंद्रने फोनवर सांगितलं, ‘मॅडम, मेरी लाइफमध्ये फुंकर पहली बार एक्सपोर्ट हो रही है.’ वापर या रकान्यापुढे लिहिलं होतं, तांदूळ निवडणे. कुणासाठी, तर त्या बायांच्या गिरणीचं नाव आणि गावाचा पत्ता. कायले आणि कोनाले, दोन्ही जागच्या जागी. मी ते बाबांना फोटो काढून पाठवलं.

ट्रक सकाळी आला. पेटीची शेवटची फळी ठोकायच्या आधी काकाजींनी मला यंत्राचं दार लावून घ्यायला सांगितलं आणि स्वतः ट्रकवाल्याशी बोलायला गेले. मी खाली वाकले तेव्हा वर्कशॉपाच्या दारातून तिरपं ऊन पाटीवर पडलं होतं. पांढऱ्या पट्ट्यावर लाल रंगात फुंकर, एक ते चौसष्ट. तीस वर्षं गिरण्यांची यंत्रं रंगवणारा हा माणूस गंजलेल्या पत्र्यालाही आधी घासून, अस्तर देऊन, मग दोन हात मारतो. इथे त्याने पांढऱ्याचा एकच हात मारला होता, तोही पातळ. समोरून काही दिसत नव्हतं. उन्हाच्या बाजूने पाहिलं की खालच्या बंदुकीची गोल अक्षरं हळूहळू वर यायची. काकू माझ्या मागे येऊन उभी होती. तिनेही पाहिलं. तिने पदराचं टोक घेऊन पाटीवरची धूळ पुसली, जरा जास्तच वेळ पुसली, आणि मला म्हणाली, ‘लाव दार.’ प्रत्येक खिळ्याची नोंद करणारी मी, मला खरं तर विचारायला हवं होतं. मी दार लावलं. त्या यंत्रातून देशाबाहेर गेलेली, अर्जात न दाखवलेली तेवढी एकच वस्तू.